संधिवाताच्या गोळीने लेकीचं पोट दुखतंय, गोळी बंद करू का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितीये, चूकभूल माफ करा. माझी लेक सात वर्षांची, दुसरीत, वजन २१ किलो. दिवाळीनंतर सकाळी उठली की डावा पाय ओढत चालायची आणि दहा वाजेपर्यंत परत धावायला लागायची, त्यामुळे आम्हाला वाटलं शाळेला जायचं नाही म्हणून नाटकं करतीये. मग गुडघा सुजला. एक्स-रे झाला, क्रेप बँडेज झालं, तेल लावून झालं, शेवटी दोन महिन्यांनी पुण्याला लहान मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी सांगितलं की जेआयए आहे, म्हणजे लहान मुलांचा संधिवात, एकाच सांध्यात आहे म्हणजे ऑलिगो (मोजक्याच सांध्यांचा) प्रकार. डोळे पण तपासून घेतले, ते नशिबानं ठीक आहेत.

गोळी चालू आहे नॅप्रोक्सेन, २५० ची अर्धी सकाळी अर्धी रात्री. सहा आठवडे झाले. गुडघ्याला खूपच फरक पडला, मांडी घालून बसायला लागली. पण गेले पंधरा दिवस रोज सकाळी बेंबीच्या वर दुखतं म्हणते, मळमळतं, डबा तसाच परत आणते. आवडीची शेंगदाण्याची पोळी दिली तरी एक तुकडा. मध्ये चार दिवस सर्दी-ताप होता त्यानंतर जास्तच झालंय. सासूबाई म्हणतात एवढ्याशा जिवाला कशाला असल्या उष्ण गोळ्या, आतडी जाळतील. शेवटी मी मागच्या आठवड्यात न विचारता तीन दिवस बंद केली, पोट शांत झालं, पण चौथ्या दिवशी सकाळी पोरगी पलंगावरून उतरेना. परत चालू केली तर परत पोट.

पुढची तारीख अडीच आठवड्यांनी आहे. तेवढ्यासाठी डॉक्टरांना फोन करावा का, ते रागावतील का की बंद का केली म्हणून. आणि मेडिकलवाला म्हणतो पित्ताची गोळी जोडीला द्या, ती एवढ्या लहान मुलीला चालते का? अल्सर वगैरे होतो का हो मुलांना? कुणाच्या मुलाला असं झालंय का? रात्री झोप लागत नाही.

रविवारची_गोळी

ताई, आधी फोन करा, बाकी सगळं नंतर वाचा. रागावले तर रागावले. आमचा मुलगा आता १३ चा आहे, पाचव्या वर्षापासून हेच चालू आहे, त्यामुळे अनुभव भरपूर.

तुम्ही लिहिलंय सकाळी दुखतं. सकाळची गोळी नक्की कशी देता? आमच्याकडे स्कूलबस पावणेसातला यायची, पोरगं अर्धवट झोपेत, अर्धा कप दूध आणि एक खारी, त्यावर गोळी, वर दोन घोट पाणी की चला. आम्हाला वाटायचं दूध दिलं म्हणजे काहीतरी खाल्लं. डॉक्टर म्हणाले हे जवळपास अनशापोटीच आहे. मग आम्ही वेळच बदलली, सकाळी मऊ भात-तूप किंवा नाचणीची पेज नीट पोटभर, मग गोळी, मग अख्खा ग्लास पाणी. रात्रीची पण जेवण संपता संपता, झोपायच्या तोंडावर नाही, कारण गोळी गिळून लगेच आडवं झालं की ती अन्ननलिकेत अडकून बसू शकते आणि मग छातीत जळजळ. आमचा निम्मा त्रास एवढ्यानंच गेला. दोन डोसमध्ये अंतर साधारण बारा तासांचं लागतं म्हणून शाळेच्या दिवशी आणि रविवारी वेगवेगळ्या वेळा करू नका.

दुसरं, वही घाला. मोबाईलमध्ये नको, फ्रिजवर कागद लावा. गोळी किती वाजता, आधी काय खाल्लं, पोट किती वाजता दुखलं, शी कशी झाली, गुडघा सकाळी किती वेळ आखडला. आमच्या वहीतून एक भलतंच निघालं. आम्ही वर्षभर नॅप्रोक्सेनला शिव्या घालत होतो आणि उलट्या व्हायच्या फक्त रविवारी आणि सोमवारी. रविवार म्हणजे मेथोट्रेक्सेटचा दिवस, संधिवाताचंच दुसरं औषध, आठवड्यातून एकदाची गोळी. ती पिवळी असते तर पुढे पुढे पोराला पिवळी वाटी बघितली तरी उमाळे यायचे, शनिवारी संध्याकाळपासूनच मळमळ सुरू. मग फॉलिक अ‍ॅसिडचं प्रमाण बदललं, नंतर गोळीऐवजी इंजेक्शन केलं. तुमच्या लेकीला मेथोट्रेक्सेट नाहीये असं दिसतंय पण मुद्दा तोच, पोट कोणत्या औषधानं दुखतंय ते आधी पकडायचं.

आणि अचानक बंद करू नका हो स्वतःच्या मनानं. सांधा आखडून राहिला की बाजूचे स्नायू बारीक होतात, आमच्या पोराची एक मांडी अजून दुसरीपेक्षा बारीक दिसते.

निसर्गमित्र७

अ‍ॅलोपॅथीत संधिवाताला औषधच नाही, फक्त दाबून टाकतात. आमच्या ओळखीत एक जण पुड्या देतात, २१ दिवसांत सूज जाते, साइड इफेक्ट शून्य. व्यक्तिगत निरोप करा.

गोळीवाला_काका

वरच्या प्रतिसादाबद्दल आधी बोलतो. २१ दिवसांत सूज उतरवणाऱ्या, नाव-गाव-घटक काही न लिहिलेल्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं, हे अनेकदा तपासणीत सापडलेलं आहे. सूज जाणारच, स्टेरॉइडनं जातेच. पण किती मिलिग्रॅम हे देणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि त्यात ही नॅप्रोक्सेन चालू असेल तर पोटाला धोका आणखी, कारण स्टेरॉइड आणि ही औषधं एकत्र आली की अल्सर आणि रक्तस्राव दोन्हीची शक्यता वाढते. शिकलेल्या वैद्यांकडे जायचं असेल तर खुशाल जा, पण दोघांनाही दोन्हीकडची औषधं सांगा.

आता ताई तुमच्याकडे येतो. मी डॉक्टर नाही, औषधाच्या दुकानात २६ वर्षं काढली, त्यामुळे हे निदान नाही, माहिती समजा.

सासूबाई 'आतडी जाळतील' म्हणतात ते अगदीच चूक नाही, फक्त जाळत नाही तर छप्पर काढून घेते. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होतात. सांध्यात ते सूज आणि दुखणं वाढवतात, पण जठरात तेच पदार्थ आतल्या अस्तरावर चिकट थर ठेवतात, आम्ल मारायला बायकार्बोनेट सोडतात आणि तिथला रक्तपुरवठा चालू ठेवतात. ही औषधं सगळीकडचंच प्रोस्टाग्लँडिन कमी करतात. जॉन व्हेन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये अ‍ॅस्पिरिनचं हे कोडं सोडवलं, १९८२ ला नोबेल मिळालं. त्यामुळे लोक जे म्हणतात ना, की गोळी पोटात नको, मग सपोझिटरी घालू किंवा इंजेक्शन देऊ, त्यानं पोट वाचत नाही. औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतंच. जेवणावर गोळी दिल्यानं मळमळ आणि दुखणं कमी होतं हे खरं, रविवारच्या गोळीवाल्यांनी लिहिलंय ते करा, पण भात खाल्ला म्हणजे अल्सर होणारच नाही असं नाही.

अल्सर मुलांना होतो का? होतो, पण म्हाताऱ्या माणसांच्या मानानं बराच कमी. मुलांमध्ये पोटदुखी, मळमळ, भूक मरणं हेच जास्त, आणि बहुतेकांचं डोस, वेळ किंवा औषध बदलून भागतं. मात्र काही गोष्टी दिसल्या तर अडीच आठवडे काय, अडीच तास पण थांबायचं नाही. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी. झोपेतून उठवणारं दुखणं. पोरगी पांढरीफटक पडणं, जिना चढताना दम लागणं. असं काही असेल तर गोळी थांबवून सरळ दवाखाना.

पित्ताच्या गोळीचं विचारलंत. ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल ही मुलांना देतात, नवीन काही नाही, पण डोस वजनावर आणि डॉक्टरांनी ठरवायचा, मेडिकलवाल्यानं नाही (मी स्वतः मेडिकलवाला असून सांगतोय). ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी द्यायची असते, जेवणावर दिली तर तिचा उपयोग कमी होतो, आणि आतले दाणे कुटायचे नाहीत. लोक उलटं करतात, पित्ताची गोळी जेवणानंतर आणि दुखायची गोळी उपाशीपोटी. जी मुलं नीट खातात-पितात त्यांना उगाच महिनोन्‌महिने देत बसू नये, आम्लाचं पण शरीरात काम असतं, पोटाचे संसर्ग त्यानं अडतात. रॅनिटिडीन मात्र घरात पडलेलं आहे म्हणून सुरू करू नका, २०१९ पासून त्यात एनडीएमए नावाचा घातक घटक सापडल्याचं प्रकरण चालू झालं आणि बऱ्याच देशांनी ते बंद केलं.

आता माझा खरा प्रश्न. तुम्ही मध्येच एक ओळ टाकून पुढे गेलात, चार दिवस ताप होता आणि त्यानंतर जास्त झालं. तापाला काय दिलं होतं? बाटलीवरचं मोठं नाव नको, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून सांगा. आणि गोळीचं पाकीट पण उलटं करून बघा, नुसतं नॅप्रोक्सेन आहे की सोबत आणखी काही. आणखी कुठलं टॉनिक चालू आहे का?

कृष्णाकाठ

काका, हात थरथरतायत लिहिताना. बाटली काढून बघितली. गावातल्या डॉक्टरांनी तापाला दिलेलं सिरप, बारीक अक्षरात लिहिलंय मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि पॅरासिटामॉल. दिवसातून तीनदा दिलं चार दिवस. त्यांना नॅप्रोक्सेन चालू आहे हे मी सांगितलंच नव्हतं, मला वाटलं ते सांध्याचं औषध आहे, तापाचा काय संबंध. आणि ताप गेल्यावर पण दोनदा अंग गरम वाटलं म्हणून दिलं. त्या चार दिवसात धड पाणी पण पीत नव्हती.

पाकिटावर नुसतं नॅप्रोक्सेनच आहे, आताच बघितलं. टॉनिक म्हणाल तर लोहाचं चालू आहे, हिमोग्लोबिन १०.८ होतं म्हणून. आणि तुम्ही काळ्या शीचं लिहिलंत ते वाचून पोटात गोळाच आला, तिची शी काळपट होते की हो!! लोहानं होते असं कुणीतरी म्हणालं होतं म्हणून लक्ष दिलं नव्हतं. आता?

गोळीवाला_काका

घाबरू नका, पण आज फोन कराच.

मेफेनॅमिक म्हणजे नॅप्रोक्सेनचाच चुलतभाऊ. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, सगळी एकाच घराण्यातली. दोन एकत्र दिली की फायदा वाढत नाही, त्रास तेवढा वाढतो, पोटाला आणि किडनीला पण, त्यात मूल पाणी पीत नसेल तर किडनीवर जास्तच ताण. आपल्याकडे ही चूक घरोघर होते कारण मेफेनॅमिक आणि आयब्युप्रोफेन लहान मुलांच्या तापाची औषधं म्हणूनच सगळ्यांना माहीत. तुम्ही एकट्या नाही. ताप आला तर नुसतं पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, आणि उलट्या-जुलाब होत असतील तर नॅप्रोक्सेन तेवढे दिवस थांबवायची का ते फोनवर विचारायचं. आजी-आजोबांच्या डब्यात निमेसुलाइड असेल तर ते तर नकोच, १२ वर्षांखालच्या मुलांना भारतात २०११ पासून बंदी आहे.

शीचं म्हणाल तर लोहानं होणारी शी काळपट-हिरवट असते, घट्ट, वास नेहमीचाच. रक्ताची चिकट, चकचकीत, पाणी टाकलं तरी भांड्याला धरून राहते आणि वास विसरता येत नाही. पण हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं काम नाही, शीची साधी तपासणी असते, सोबत हिमोग्लोबिन बघतील. पुढच्या वेळी कुठल्याही डॉक्टरकडे जाताना एका कागदावर चालू औषधांची यादी न्या, पदार्थाच्या नावानं, ब्रँडच्या नाही.

लीड्सकर

थोडं वेगळं सांगते, घाबरवायला नाही. माझा मुलगा बारा वर्षांचा, इंग्लंडमध्ये असतो आम्ही. त्याला टाचा आणि कंबर, एन्थेसायटिसवाला प्रकार, म्हणजे स्नायूबंध हाडाला जोडतात तिथली सूज. त्याचंही पोट दुखायचं आणि सगळ्यांनी, मी धरून, खापर नॅप्रोक्सेनवर फोडलं. औषध बदललं, लॅन्सोप्राझोल दिलं, पाच महिने गेले. मग एकदा जुनी पँट घालून आला आणि ती व्यवस्थित बसली. वर्षापूर्वीची पँट! ना उंची वाढली होती ना वजन. नंतर कळलं क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याचा आजार, आणि सांधे त्याचाच भाग होते. शीमधलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) तपासलं, पण गंमत अशी की ही दुखण्याची औषधं पण ते कॅलप्रोटेक्टिन वाढवू शकतात, म्हणून थोडे दिवस औषध थांबवून परत तपासलं, मग दुर्बीण.

तुमच्या मुलीचं चित्र तसं दिसत नाही, गोळी बंद केल्यावर पोट तीन दिवसात शांत झालं म्हणजे गोळीकडेच बोट जातं. पण वजन दर महिन्याला लिहून ठेवा ताई. आणि सतत जुलाब, तोंड येणं, शीवाटे लाल रक्त असलं काही असेल तर 'गोळीनं होतंय' म्हणून सोडून देऊ नका.

अजून एक, इकडे नॅप्रोक्सेनचं पातळ औषध सहज मिळतं, तुमच्याकडे गोळी अर्धी करावी लागते. ते तुकडे कमीजास्त होत असतील तर मेडिकलमधून गोळी कापायची डबी आणा, सुरीनं चुरा होतो. इकडे गोऱ्या मुलांना या औषधानं उन्हात चेहऱ्यावर फोड येऊन व्रण राहतात म्हणून पण जपतात, आपल्या मुलांमध्ये ते कमी दिसतं पण चेहऱ्यावर काही आलं तर सांगा.

मांडी_घालून

मी पेशंट बाजूनं लिहिते. आता २४ ची आहे, सहाव्या वर्षी सुरू झालं होतं. आई गोळी द्यायची आणि मी ती गालात धरून तुळशीच्या कुंडीत टाकायचे. दोन महिने. कुंडी बदलताना सापडल्या सगळ्या, अर्ध्या विरघळलेल्या, आईनं मारलं नाही पण रडली, ते जास्त लागलं. टाकायचे कारण पोट दुखायचं आणि सांगितलं की घरात सगळे 'सहन कर, गुडघ्यासाठी आहे ना' म्हणायचे.

कधीकधी उलटं पण करायचे, पोट दुखत नसताना दुखतं म्हणायचे कारण पीटीच्या तासाला सगळे माझ्याकडे बघायचे. म्हणून तिला एकटीला विचारा, गोळी देताना नाही, वेणी घालताना वगैरे. कुठं दुखतं, बोटानं दाखव, तेव्हा काय करावंसं वाटतं. सात वर्षांची पोरगी बरंच सांगते.

मला शेवटी गुडघ्यात इंजेक्शन दिलं होतं झोपेचं औषध देऊन, त्यानंतर जवळजवळ वर्षभर गोळीच लागली नाही. एकच सांधा असेल तर विचारून बघा.

रविवारची_गोळी

+१ इंजेक्शनबद्दल. ट्रायअ‍ॅम्सिनोलोन नावाचं स्टेरॉइड असतं ते, बहुतेक सांध्यातच राहतं, पोटाशी फारसा संबंध नाही. आमच्या वेळी 'सुई' म्हटल्यावर आम्हीच नको म्हणालो होतो आणि पोराला दीड वर्ष गोळ्या चारल्या. नॅप्रोक्सेन दुखणं-आखडणं कमी करते, आजाराचा मार्ग ती बदलत नाही, हे आम्हाला फार उशिरा समजलं. सहा-आठ आठवडे देऊन सूज राहिलीच असेल तर पुढचं पाऊल काय हे तुम्हीच विचारा, डॉक्टर विचारतील म्हणून थांबू नका. बाकी नॅप्रोक्सेनच्याच गटातली सेलेकॉक्सिब म्हणून एक आहे, जठराला जरा सौम्य, अमेरिकेत दोन वर्षांवरच्या जेआयएच्या मुलांसाठी २००६ मध्ये मान्य झाली. आमच्याला काही महिने दिली होती, ठीक गेली. पण तिचेही नियम आहेत, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर सांगावं लागतं.

कृष्णाकाठ

उशिरा लिहितीये, सॉरी, धावपळ होती. सगळ्यांचे खूप खूप आभार, काका तुमचे तर काय म्हणू.

त्याच दिवशी फोन केला. डॉक्टर अजिबात रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या बंद केल्याचं त्याच दिवशी कळवायचं होतंत. गोळी लगेच थांबवली, रक्त आणि शी तपासायला सांगितलं, आणि तारीख अलीकडे घेतली. हिमोग्लोबिन १०.४, म्हणजे थोडं उतरलंय. शीत रक्त नाही, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नॉर्मल. त्यामुळे काळी शी लोहाचीच. म्हणाल्या की बहुतेक दोन औषधं एकत्र झाल्यानं जठराला सूज आली असणार, दुर्बीण आत्ता नको, तीन-चार आठवडे ओमेप्राझोल, नाश्त्याआधी अर्धा तास. गुडघ्यात अजून थोडं पाणी आहे म्हणून पुढच्या गुरुवारी इंजेक्शन ठरलंय. मीच विचारलं, त्या म्हणाल्या मी तेच सांगणार होते. तोपर्यंत दुखलं तर पॅरासिटामॉल. डोळे दर तीन महिन्यांनी दाखवायचे ते तसंच चालू.

सासूबाई सोबत आल्या होत्या हट्टानं. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, बघ मी सांगत होते ना गोळी उष्ण आहे. मी काही बोलले नाही. मग गाडीत म्हणतात, पण सुई नीट गुडघ्यातच देतील ना, त्या बाईंचा हात हलका आहे का विचारलंस का.

वेणी घालताना विचारलं लेकीला. बोट बरोबर बेंबीच्या वर ठेवलं आणि म्हणाली दूध प्यायल्यावर गोळी घशात चढते, म्हणून ती आधी गोळी घ्यायची आणि दूध मोरीत ओतायची. म्हणजे इतके दिवस निव्वळ अनशापोटी चाललं होतं, आणि मी वहीत लिहीत होते 'दूध एक कप'.

काल डबा रिकामा आला. तिनं खाल्ला की शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीनं, ते अजून कळायचंय.